यादवी युद्धातल्या आरमारी व्यंगचित्राची तारीख ठरवताना: माझा अनुभव

अमेरिकन यादवी युद्धातलं आरमारी व्यंगचित्र नोंदवायला घेतलं की मी चित्राआधी खालचा मजकूर वाचतो. न्यूयॉर्कच्या करियर अँड आइव्ह्ज या चित्रं छापणाऱ्या कंपनीचं ‘द गनबोट कँडिडेट’ (तोफबोटीवरचा उमेदवार) घ्या. मथळ्यात मॅल्व्हर्न हिलच्या लढाईचं नाव आहे, म्हणून १ जुलै १८६२ ही तारीख नोंदीत पडते, आणि ती चुकते. ‘कँडिडेट’ या शब्दावर थांबायला हवं. चित्रातला मॅक्लेलन १८६२ साली उत्तरेच्या सैन्याचा सेनापती होता. लिंकनविरुद्ध उमेदवार झाला तो १८६४ मध्ये. म्हणजे चित्र लढाईचं नाही, निवडणूक प्रचाराचं. मी दोन रकाने ठेवतो: प्रसंगाची तारीख आणि छपाईची तारीख.

मग पात्रांच्या तोंडचे शब्द असलेले फुगे. त्यासाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवरून मोठी टिफ फाइल उतरवायची. छोट्या जेपेगमध्ये फुग्यातली अक्षरं फुटतात आणि माणूस अंदाजाने वाचायला लागतो. मजकूर जसाच्या तसा टिपायचा. या चित्रात मॅक्लेलन ‘गॅलिना’ जहाजाच्या शिडाच्या आडव्या दांड्यावर घोड्याचं खोगीर टाकून बसलाय, दुर्बिणीतून लांबची लढाई बघतोय. ‘तुमचा लाडका सेनापती इथून तुमच्याकडे खाली बघतो आहे’, असं तो शिपायांना सांगतो. इंग्रजीत त्याच शब्दांचा अर्थ ‘तुम्हाला तुच्छ लेखतो’ असाही होतो. नुसता सारांश लिहिला की ही मेख गेलीच.

जहाजाचं नावही तपासून घ्यावं. लोखंडी चिलखत चढवलेलं जहाज दिसलं की ‘मॉनिटर’ असा टॅग लावायची सवय फार. मॉनिटर म्हणजे पाण्यालगतचा सपाट डेक, त्यावर फिरता गोल बुरूज, आत ११ इंची दोन तोफा. गॅलिनाला बुरूज नव्हता, डोलकाठ्या होत्या. खोगीर टाकायला दांडा मिळाला तो त्यामुळेच.

कागद हातात असेल तर दहापट भिंग. शिळाछापात, म्हणजे दगडावर काढून छापलेल्या चित्रात, खडूच्या रेघेला दगडाचा अनियमित रवा दिसतो. ‘पंच’ या लंडनच्या विनोदी साप्ताहिकातलं चित्र लाकडी ठशाचं, त्याची रेघ कोरीव आणि स्वच्छ. मोठा ठसा अनेक तुकडे जोडून करत, म्हणून कधी सांध्यावर बारीक पांढरी रेघ सापडते. एकसारखे ठिपके दिसले तर ती नंतरची नक्कल.

लंडनच्या चित्रांत घोळ उलटा होतो. उत्तरेच्या आरमाराने ‘ट्रेंट’ ही ब्रिटिश टपालबोट अडवून दक्षिणेचे दोन राजदूत उतरवले ते ८ नोव्हेंबर १८६१ला. अटलांटिकपार चालू तार नव्हती. बातमी लंडनला पोचली २७ नोव्हेंबरला. त्यामुळे १६ नोव्हेंबरच्या ‘पंच’मधलं व्यंगचित्रकार टेनिएलचं ‘ओव्हर द वे’ ट्रेंटखाली टाकता येत नाही, घटनेनंतरचं असलं तरी. त्यात जॉन बुल, म्हणजे व्यंगचित्रांतला इंग्लंडचा प्रतिनिधी, भांडणाऱ्या दुकानदारांना बजावतो, की मी आपला दुसऱ्या दुकानात जातो. दुसरं दुकान हिंदुस्थानी कापसाचं. एप्रिलपासून उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखायला घेतली होती, आणि मुंबईच्या कापसाचे भाव पुढे कुठल्या कुठे गेले ते त्यामुळेच. मी ते चित्र ‘नाकेबंदी’ आणि ‘कापूस’ या दोन विषयांखाली टाकतो.