कॉलरबोन बाईचं की पुरुषाचं?

मेडिकलच्या व्हायवात (तोंडी परीक्षेत) कॉलरबोन, म्हणजे गळ्याखालचं खांद्यापर्यंत जाणारं आडवं हाड, हातात दिलं की फर्स्ट इयरची पोरं साइड, उजवं की डावं, पटकन सांगतात. चपटं टोक खांद्याकडे, जाड टोक छातीकडे, आतला दोन तृतीयांश भाग पुढे फुगलेला, खालच्या अंगाला खोबण, झालं. मग विचारायचं की हे बाईचं का पुरुषाचं, की लगेच पाठ केलेलं सुरू: पुरुषाचं लांब, जाड, जास्त वाकडं, खरखरीत, बाईचं आखूड, बारीक, गुळगुळीत. सरासरी काढली तर बरोबरच आहे हो, पण एकटं हाड बघून छातीठोकपणे सांगणाऱ्यावर माझा तरी विश्वास नाही.

कारण लांबी सोडली तर यातलं बरंचसं कामाने घडतं. डेल्टॉइड, ट्रॅपेझियस, पेक्टोरॅलिस मेजर हे खांदा, पाठ आणि छातीचे स्नायू याच हाडाला धरून ओढत असतात, जितकी ओढ जास्त तितकं हाड जाड आणि त्यावरच्या कडा ठसठशीत. त्यामुळे जन्मभर डोक्या-खांद्यावर ओझी वाहिलेल्या बाईचं हाड एखाद्या खुर्चीत बसून नोकरी केलेल्या पुरुषापेक्षा दणकट निघू शकतं, मग काय करणार? छातीकडच्या टोकाखाली, पहिल्या बरगडीचं लिगामेंट (हाडांना बांधणारा चिवट पट्टा) चिकटतं तिथे बोट फिरवून बघा, कुठे चांगला खड्डा लागतो, कुठे नुसता खडबडीत डाग, कुठे काहीच नाही. खोल खड्डा पुरुषांत जास्त दिसतो म्हणतात पण तो नसला म्हणजे बाई असं अजिबात नाही. आणि एकाच माणसाची दोन्ही कॉलरबोन तरी कुठे सारखी असतात, उजवं बहुतेकदा थोडं आखूड पण मजबूत, डावं लांब.

वयाचं मात्र हे हाड बरंच खरं बोलतं. गर्भात पाचव्या-सहाव्या आठवड्यातच सगळ्यांच्या आधी हाड व्हायला लागतं आणि छातीकडचं टोक बाकीच्या हाडाला जुळतं सगळ्यात शेवटी, पार विशीत, काहींचं तर तिशीच्या आसपास. मनगटाचा एक्सरे अठरा-एकोणीसनंतर वयाबद्दल फारसं काही सांगत नाही, तेव्हा फॉरेन्सिकवाले या टोकाचा सीटी स्कॅन बघतात ते यासाठीच. आणि म्हणूनच विशीतला पोरगा बाइकवरून पडून छातीजवळ सूज घेऊन आला की सांधा निखळला असं लगेच लिहून मोकळं होऊ नका, बऱ्याचदा सांधा जागेवर असतो आणि न जुळलेलं टोकच सुटलेलं असतं.