फॉर्ममध्ये नसलेला प्रश्न

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात आशा, म्हणजे गावाची आरोग्य स्वयंसेविका, आहे. बाळंतीण घरी आली की ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी आम्ही जातो. ही पद्धत आपल्याच गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी उभी केली, पुढे देशभर गेली. सगळ्या भेटी झाल्या की २५० रुपये मिळतात.

एका घरी माझी चौदाव्या दिवसाची भेट होती. बाळाचा ताप काखेत पाहिला. श्वास पूर्ण मिनिटभर मोजले; ६० किंवा जास्त भरले तर धोका. इथे सगळं उत्तम. मग झोळीत घालून वजन केलं. काटा वर उचलला की आई कितीही थकलेली असो, मान पुढे काढतेच, "किती भरलं ताई?" ही भिंतीकडे बघत होती. बाळ कळवळून रडलं, तरी तिचा हात उठला नाही.

आईबद्दल भेटीत भरायचा फॉर्म विचारतो: ताप, रक्तस्राव, जेवण, असंबद्ध बडबड, झटके. जी गप्प झाली आहे तिच्यासाठी रकाना नाही.

सासूबाईंना पाणी गरम करायला पाठवलं आणि विचारलं, "बाळ झोपल्यावर तरी तुला झोप लागते का?"

"नाई."

गेल्या वर्षी तिचं पहिलं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. आता पोरगं झालं, तर रडायचं काय, असं सगळं गाव तिला सांगत होतं. लोकांना हे समाधान वाटतं. मला तो छळ वाटतो. मग मी सरळच विचारलं, जीव द्यावासा वाटतो का? असं विचारल्याने मनात नसलेलं काही येत नाही, उलट बाई मोकळी होते. ती म्हणाली, "मी नसली तर याचं बरं होईल."

तिला एकटं सोडलं नाही. तिथूनच १४४१६ ला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन लावला. तिकडच्या ताई मराठीत बोलल्या, तीही बोलली. त्याच दिवशी नवऱ्यासोबत ग्रामीण रुग्णालयात नेलं. तिथे सिस्टर म्हणाल्या, "टाके बरे आहेत, ताप नाही, कशाला आणली?" तरुण डॉक्टरांनी मात्र खुर्ची ओढून ऐकलं आणि जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराला पाठवलं. अंगावर पाजणं चालू ठेवता येईल अशी गोळी मिळाली. फरक पडायला काही आठवडे लागतील, हे डॉक्टरांनी घरच्यांना नीट समजावलं, म्हणून गोळी मध्येच सुटली नाही. 'बाहेरची हवा लागली' म्हणणाऱ्या सासूबाई रात्री तिच्याजवळ झोपू लागल्या.

बेचाळिसाव्या दिवशी ती म्हणाली, "परवा रात्री मले परत तसंच वाटलं. मग मी सासूबाईले उठवलं."

ती पूर्ण बरी झालेली नव्हती. पण तिने उठवलं होतं!

यानंतरची ठरलेली भेट थेट तिसऱ्या महिन्यात, तीही बाळासाठी. मी मधेही जाते. मासिक सभेत झोपेचा प्रश्न फॉर्ममध्ये घाला म्हटलं. फॉर्म वरून येतो, असं उत्तर मिळालं. तोवर तो प्रश्न मी माझ्या डायरीत लिहून घेतला आहे आणि प्रत्येक बाळंतिणीला, घरच्यांना बाहेर पाठवून, विचारते.