डोक्याला मार लागल्यावर अपंग दाखला: ३४ टक्के ते ६२ टक्के

"हात वर करा. मूठ आवळा. चालून दाखवा. बसा."

एवढ्यावर माझ्या मोठ्या भावाचा अपंगपणा ३४ टक्के ठरला. चार मिनिटं पण लागली नसतील. आणि त्या ३४ मुळे आमचं अख्खं वर्ष गेलं, म्हणून हे सगळं लिहून ठेवतोय. कुणाच्या घरात डोक्याला मार लागलेलं माणूस असेल तर निदान त्यांना तरी आमच्यासारखे हेलपाटे नको पडायला.

दादा पिकअप चालवायचा. २०२३ च्या सुरुवातीला रात्री गाडीवरून घरी येताना उसाच्या ट्रॉलीला मागून धडकला, ट्रॉलीला ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. डोक्याला डाव्या बाजूला मार, ऑपरेशन, आयसीयू, ते सगळं इथे सांगत बसत नाही. घरी आला तेव्हा उजवा हात-पाय कमजोर झालेला आणि बोलणं गेलेलं. म्हणजे आवाज आहे, शब्द पण येतात, पण भलतेच येतात. चहा म्हणायचं असतं आणि तोंडातून चावी निघतं. आणि सगळ्याला "हो". पाणी पाहिजे का, हो. नको का, तरी हो. गॅस चालू ठेवून निघून जातो, दहा रुपये आणि शंभर रुपये यातला फरक कधी कळतो, कधी नाही. पण अंगावर इस्त्रीचा शर्ट घालून बसला ना, तर लांबून बघणाऱ्याला काहीच झालेलं दिसत नाही. आमची खरी अडचण हीच होती.

फॉर्म आता ऑनलाइनच भरावा लागतो, स्वावलंबन पोर्टलवर. त्यातूनच दाखला आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगांचं ओळखपत्र, दोन्ही मिळतं. आम्ही महा ई-सेवा केंद्रात गेलो. तिथल्या मुलाने यादी उघडली, अपंगत्वाचा प्रकार निवडा. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात डोक्याला मार असा प्रकारच नाही. तो म्हणाला हात-पाय गेलाय ना, मग लोकोमोटर, म्हणजे हालचालीचं अपंगत्व, टाकतो. टाकलं. मला तेव्हा काय कळत होतं, मी पण म्हणलं टाक. इथेच चुकलं. त्या एका टिकमुळे दादा फक्त हाडाच्या डॉक्टरांसमोर गेला, आणि त्यांनी हाडाच्या डॉक्टरांनी बघायचं तेवढंच बघितलं.

आमच्या जिल्ह्याच्या सिव्हिलला अपंग बोर्ड आठवड्यातून एकच दिवस. पहाटे पाचची एसटी धरून मी, वहिनी आणि दादा, नंबर लागला दीड वाजता. डॉक्टरांनी दादाला विचारलं जेवता का स्वतः, हो. कपडे घालता, हो. बोलायला त्रास होतो का, हो म्हणला पण इतकं छान मान हलवून म्हणला की त्यांनी ते बरं आहे असंच घेतलं असणार. वहिनी म्हणाली, डॉक्टर, ते सगळ्यालाच हो म्हणतात. तर डॉक्टर म्हणाले, पेशंटला बोलू द्या, तुम्ही मधे बोलू नका. अहो, बोलता येत नाही हेच तर सांगायला आलो होतो आम्ही! वहिनी जी गप्प झाली ती एसटीत बसेपर्यंत.

काही आठवड्यांनी कार्ड आलं, पांढऱ्या पट्ट्याचं. ४० च्या खाली पांढरं, ४० ते ८० मधे पिवळं, ८० पासून पुढे निळं. पांढऱ्याचा जवळपास काही उपयोग नाही, बहुतेक सगळ्या योजना ४० पासून सुरू होतात. सहा टक्क्यांनी अडकलो.

मग तीन वेळा परत गेलो. एकदा खिडकीवरचे म्हणाले आता काही होत नाही, मुदत संपली की रिन्यूला या. एकदा बोर्डाची तारीखच रद्द, आणि ते तिथे पोहोचल्यावर कळलं. तिसऱ्या वेळी मी एकटाच गेलो, कंपनीत खाडा टाकून, तर म्हणाले पेशंट कुठाय. रडायचंच बाकी होतं त्या दिवशी, खरं सांगतो.

वाट दाखवली ती गावातल्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी. त्या म्हणाल्या, कायदा आजाराचं नाव बघत नाही, आजारामुळे माणसात काय कमी झालं ते बघतो. तुझ्या भावाला जे झालंय, मेंदूला मार लागून भाषा बिघडलीय, त्याला अफेजिया म्हणतात, आणि वाचा व भाषा दोष या प्रकारात अफेजिया हा शब्द कायद्यात सरळ लिहिलाय. मग हात-पाय एक आणि वाचा दुसरं, दोन्ही धरून तपासणी मागा. आणि दिलेला दाखला मान्य नसेल तर अपील करता येतं, कलम ५९. हे मला एका वर्षात कुणी सांगितलं नव्हतं. ना केंद्रात ना सिव्हिलला.

त्या रात्री मी जिल्हा शल्य चिकित्सकांच्या नावाने अर्ज लिहिला, एक पान. ऑपरेशनचे कागद, सीटी स्कॅनचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड जोडलं, कलम ५९ लिहिलं, वाचा-भाषेची तपासणी करून एकत्रित टक्केवारी द्या असं लिहिलं. दोन प्रती काढल्या आणि एकीवर आवकचा शिक्का घेतला. हा शिक्का विसरू नका, नुसतं देऊन आलात तर अर्ज दिला होता हे तुम्हाला कधीच सिद्ध करता येणार नाही. पुढच्या वेळी खिडकीवर तो शिक्का दाखवला आणि पहिल्यांदा समोरचा माणूस खुर्चीतून उठून आत गेला.

सिव्हिलला स्पीच थेरपिस्ट नव्हते, म्हणून मेडिकल कॉलेजला पाठवलं. आणि इथे वहिनीने जे केलं त्याला तोड नाही. ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशोब लिहिते, ज्या दिवशी जास्तीचं अर्धा लिटर घेतलं त्या चौकोनात अर्धा. त्याच चौकोनात तिने बारीक अक्षरात दादाचं लिहायला सुरुवात केली होती. "मीठ मागताना चप्पल म्हणाले." "गॅस चालू, दूध करपलं." "शेजाऱ्यांचं नाव येईना, रडले." "नळ चालू ठेवला." पाच महिन्यांची पानं फाडून, घडी घालून पिशवीत आणली होती. मला माहीतच नव्हतं.

तिथल्या मॅडमनी दादाला एकेक चित्र दाखवलं, कंगवा, घड्याळ, किल्ली. घड्याळाला तो "वेळ" म्हणाला आणि मग स्वतःवरच चिडला. त्यांनी घाई केली नाही. तासभर बसल्या, आणि मग कॅलेंडरची पानं घेऊन एकेक चौकोन वाचला, वहिनीला मधेमधे विचारत. दीड वर्षात पहिल्यांदा कुणीतरी वहिनीला विचारलं.

बोर्डाने वाचेचे ४५ आणि हात-पायाचे ३४ धरले. हे सरळ बेरीज करून ७९ होत नाही हे पण माहीत असू द्या, आम्ही उगाच आनंदलो होतो. मोठा आकडा तसाच राहतो, लहान आकड्याला ९० वजा मोठा आकडा याने गुणून ९० ने भागायचं आणि ते मोठ्यात मिळवायचं. ९० वजा ४५ म्हणजे ४५, मग ३४ गुणिले ४५ भागिले ९० म्हणजे १७, ते ४५ मधे मिळवले. झाले ६२. पिवळं कार्ड.

विसरणं आणि चिडणं मात्र अजून कुठेच मोजलेलं नाही. त्यासाठी मनोविकार तज्ज्ञांकडची तपासणी वेगळी, ती मी सोडणार नाहीये. त्यात ६५ च्या वर गेलो तर एसटीत सोबतच्या माणसाला पण अर्धं तिकीट लागतं, आत्ता फक्त दादाला ७५ टक्के सवलत आहे, आणि दादा एकटा एसटीत बसूच शकत नाही.

तहसीलचं काम त्या मानाने सुरळीत झालं. संजय गांधी निराधार योजना, अपंगांना वर्षाला ५० हजारापर्यंत उत्पन्नाची अट, उत्पन्नाचा दाखला आणि १५ वर्षं महाराष्ट्रात राहिल्याचा पुरावा लागतो. आधी महिना १५०० होते, ऑक्टोबर २०२५ पासून अपंगांना २५०० केले. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी अपंगांवर खर्च करावा लागतो, तिथे पण लेखी अर्ज द्या, तोंडी विचारलं की नाही म्हणतात.

अजून एक आत्ता आठवलं. अपघातानंतर सहा महिने व्हायच्या आत बोर्डाकडे जाऊ नका, मेंदूचं असेल तर तोपर्यंत तपासत नाहीत. आणि दाखला कायमचा आहे का तात्पुरता ते बघा, आमचा तात्पुरता आहे, म्हणजे परत जायचंय. ते कागद पहिल्यापासून एका फाईलमधे ठेवा, आम्ही सीटी स्कॅनची फिल्म गादीखाली शोधत होतो.

सही. हे सगळ्यात आधी सांगायला पाहिजे होतं. दादा आता डाव्या हाताने सही करतो, ती बँकेतल्या जुन्या सहीशी जुळत नाही. पोर्टलवर सहीच्या जागी अंगठा चालतो, अंगठाच टाका. बँकेत वहिनीसोबत जॉइंट खातं उघडून आधार लिंक करून घ्या, अनुदान थेट आधारवाल्या खात्यात येतं. आमचा पहिला हप्ता जुन्या खात्यात गेला आणि तो काढायला दादाला चार वेळा सही करून दाखवावी लागली, चौथ्या वेळी त्याने पेन खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिला.