डेबियन टाकायचंय? आधी बीप ऐका

डेबियन ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम दृष्टिहीन माणसाला नुसतं ऐकत स्वतः टाकता येते. खरी अडचण डेबियनमध्ये नाही, बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना आधी चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आहे. तिथे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर बोलतच नाही. म्हणून नागपूरच्या सीताबर्डीत लॅपटॉप घेतानाच दुकानदाराकडून बूट की, म्हणजे लॅपटॉप कशावरून सुरू करायचा ते निवडायचं बटण, विचारून घ्या: डेल आणि लेनोव्होला बहुधा एफ१२, एचपीला एफ९. डेबियनचा इन्स्टॉलर ज्यावर असेल तो यूएसबी बूट क्रमात वर ठेवायलाही त्याच वेळी सांगा.

इन्स्टॉलरचा मेन्यू आला की बीप वाजते, बायोसमध्ये एक, यूईएफआयमध्ये (बायोसचा नवा प्रकार) दोन. मग एस आणि एंटर. काही लॅपटॉपवर बीप ऐकूच येत नाही. तेव्हा अर्धा मिनिट थांबून हीच बटणं दाबा. थोड्या वेळाने ईस्पीकचा, म्हणजे मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचा, आवाज सुरू होतो. साउंड कार्डं दोन असतील तर इन्स्टॉलर प्रत्येकावर बोलून पाहतो. ऐकू येईल तिथे लगेच एंटर. एचडीएमआयची (टीव्ही-मॉनिटरची) वायर आधी काढलेली बरी.

पुढे प्रत्येक पर्यायाला आकडा असतो, तो टाइप करून एंटर. चुकलात तर < (लेस दॅन चिन्ह) टाकून मागे जा. पार्टिशनच्या (डिस्कचे भाग पाडायच्या) पायरीवर मात्र घाई नको: डिस्कचं नाव आणि जीबी दोन्ही ऐका, नाहीतर विंडोजसकट सगळा डेटा जाईल. चार्जर लावूनच बसा. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी लाइट कधी जाईल, नेम नाही.