आठ माइक आणि बुटाच्या दोन नाड्या

आज अख्खी सकाळ ड्रमसेटला माइक लावण्यात गेली. किकमध्ये, म्हणजे पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रममध्ये, डी ११२ माइक; स्नेअरवर, म्हणजे काठ्यांनी वाजणाऱ्या कडक आवाजाच्या ड्रमवर, एसएम ५७ माइक, कडेपासून दोन बोटं आत, तोंड मध्याकडे; आणखी एक स्नेअरच्या खाली. एकेकटे ऐकले तर झकास. सगळे चॅनेल एकदम उघडले आणि स्नेअर पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा वाजायला लागला! इक्यूशी (आवाजातले जाड-बारीक सूर कमीजास्त करायच्या बटणांशी) अर्धा तास झटापट केली, उगाचच.

घोळ अंतराचा होता. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो, त्यामुळे सेटच्या वर टांगलेल्या दोन ओव्हरहेड माइकांच्या स्नेअरपासूनच्या अंतरात वीतभर फरक पडला तरी काही फ्रीक्वेन्सी एकमेकींना खाऊन टाकतात. टेप सापडेना, मग दोन नाड्यांची गाठ मारली. एक टोक ड्रमरनं स्नेअरच्या मधोमध बोटानं दाबून धरलं, दुसऱ्यानं मी दोन्ही माइक सारख्या अंतरावर आणले. स्नेअरच्या खालच्या माइकची फेजही बटणानं उलटी केली, म्हणजे त्याच्या आवाजाच्या लहरीची वरखाल उलटवली. काठी पडली की वरचं कातडं आपल्या माइकपासून लांब जातं, खालचं मात्र आपल्या माइककडे येतं. बटण दाबताक्षणी स्नेअरला पोट आलं.

रेकॉर्डिंग इंजिनिअर ग्लिन जॉन्स तीन-चार माइकांत अख्खा सेट उरकायचे. मीही शेवटी टॉमचे (सेटमधल्या बाकीच्या ड्रमांचे) माइक बंदच ठेवले. हाय-हॅटचा, म्हणजे पायानं मिटणाऱ्या झांजांच्या जोडीचा, माइक तर का लावला होता कोण जाणे, हाय-हॅट स्नेअरच्या माइकमध्ये न बोलावता हजर असतोच.