भविष्यवाणी म्हणजे फक्त पुढचं सांगणं नव्हे

बरीच वर्षं मला वाटायचं की बायबलमधला संदेष्टा म्हणजे भविष्य सांगणारा, जवळपास ज्योतिषीच म्हणा ना, पण नाथान संदेष्ट्याची गोष्ट नीट वाचली आणि ते डोक्यातून गेलं. दावीद राजाने उरीयाची बायको घेतली, उरीयाला लढाईत मारवलं, आणि नाथान येऊन त्याला गरीब माणसाच्या एकुलत्या एका कोकराची गोष्ट सांगतो, श्रीमंताने ते कापलं म्हणून राजा भडकतो, आणि नाथान म्हणतो, तो माणूस तूच! शिक्षेचं भाकीत त्यानंतर येतं, आधी आरसा.

योना या संदेष्ट्याचं तर उलटंच. 40 दिवसांत निनवे उलथून पडेल म्हणाला, लोकांनी पश्चात्ताप केला, शहर वाचलं, आणि हा रुसून बसला (मला तो फार आवडतो). म्हणजे भाकीत खोटं ठरलं का? माझ्या मते नाही, इशारा कामी आला.

येशूबद्दलची भाकितं आहेतच, मीखा संदेष्ट्याच्या पुस्तकातलं, तो बेथलेहेमात जन्मेल वगैरे. पण प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, 14व्या अध्यायात, संदेश, म्हणजे भविष्यवाणी, कशासाठी ते सांगतो तर उन्नती, उत्तेजन, सांत्वन, आणि त्याच अध्यायात पुढे म्हणतो दोघातिघांनी बोलावं, बाकीच्यांनी पारख करावी. ही पारखच आपण विसरतो, चर्चमध्ये कोणी माईकवर "देव म्हणतो" म्हटलं की लगेच आमेन.