टँटॅलसची तहान आणि इंग्रजीचा तास

आमच्या इंग्रजीच्या सरांनी शब्दार्थ कधी नुसते पाठ करायला लावले नाहीत. शब्दामागे गोष्ट असेल तर ती आधी, स्पेलिंग नंतर. 'पॅनिक' शिकवताना रानात भटकणारा, बोकडाच्या पायांचा ग्रीक देव पॅन वर्गात यायचा. 'सीरियल'बरोबर धान्याची रोमन देवता सेरेस आणि 'व्होल्कॅनो'बरोबर देवांचा लोहार व्हल्कन. हर्क्युलीसची बारा कामं ऐकल्यावर 'हर्क्युलियन टास्क'चा अर्थ आम्हीच एका सुरात सांगितला होता, भगीरथ प्रयत्न!

माझ्या मनात मात्र घर केलं ते 'टँटलाइज'नं, म्हणजे हवंसं काही दाखवून झुलवत ठेवणं. टँटॅलस हा ग्रीकांचा देवराज झ्यूस याचा मुलगा, देवांच्या पंगतीला बसणारा राजा. देवांची परीक्षा पाहायला त्यानं पोटच्या पोराचं मांस त्यांच्या ताटात वाढलं. त्याची शिक्षा म्हणून पाताळात हनुवटीपर्यंत पाण्यात उभं राहायचं. प्यायला वाकलं की पाणी आटायचं, फळाला हात घातला की वारा फांदी उंच उडवायचा. सर हे सांगत असताना शेजारच्या वर्गातले पाढे आम्हाला स्पष्ट ऐकू येत, इतके आम्ही गप्प असायचो.

पुढे मी रसायनशास्त्र घेतलं आणि एम.एस्सी.च्या अभ्यासात टँटॅलम भेटलं. स्वीडनच्या एकेबर्ग यांनी १८०२ साली हे मूलद्रव्य शोधलं. त्याचं ऑक्साइड आम्लात बुडवून ठेवलं तरी आम्लाचा त्याच्यावर काही परिणाम होईना. भोवती सगळं असून काहीच घेता येत नाही, म्हणून टँटॅलसचं नाव. पुस्तकात ही एवढीशी ओळ होती, पण ती वाचताना सरांचा अख्खा तास माझ्यापुढे उभा राहिला. मूलद्रव्याला याहून नेमकं नाव मला तरी माहीत नाही. टँटॅलमच्या खनिजात त्याच्यासारखंच आणखी एक मूलद्रव्य असल्याचं जर्मनीच्या हाइनरिश रोझे यांनी १८४४ साली दाखवलं आणि त्याला नायोबियम म्हटलं. नायोबी ही टँटॅलसची लेक. आपल्या मुलाबाळांचा गर्व केला म्हणून ती सगळी गमावून बसलेली आणि रडत रडत दगड झालेली आई. हे बापलेक खनिजात बहुतेक वेळा एकत्रच सापडतात आणि त्यांना वेगळं करणं फार जिकिरीचं असतं.

नोकरी लागल्यावर हे सगळं मी सरांना पत्रानं कळवलं. उलट टपाली त्यांचं उत्तर आलं. त्यात शाबासकी होती आणि शेवटी एक प्रश्न होता, देवांकडचा अग्नी चोरून माणसाला देणाऱ्या प्रोमीथियसच्या नावाचं मूलद्रव्य आहे का? आहे. १९४५ साली अमेरिकेत ओक रिज इथे, अणुभट्टीत युरेनियमच्या विखंडनातून निघालेल्या द्रव्यांत प्रोमीथियम ओळखलं गेलं. मी ते सविस्तर लिहून धाडलं आणि खाली पुरवणी जोडली, की १७८९ साली क्लापरोथ यांनी युरेनियमला नाव दिलं ते तेव्हा नव्यानंच सापडलेल्या युरेनस ग्रहावरून, आणि तो युरेनस म्हणजे ग्रीकांचा आकाशदेव, झ्यूसचा आजा.